वेगवेगळ्या मापांचे निकष जोडून क्रमवारी लावताय? या चुका टाळा

भाड्याचं घर शोधताना एक्सेलमध्ये तक्ता करून निकषांना वेटेज देण्याची सवय चांगलीच. पण बहुतेक जण आकडे आहेत तसेच वेटेजने गुणतात आणि तिथेच सगळं फसतं.

हे तीन फ्लॅट बघा. ‘अ’चं भाडं 18,000, ऑफिस 14 किमी, उजेड-वाऱ्याला 10 पैकी 6. ‘ब’ 22,000, 6 किमी, 8. ‘क’ 24,000, 4 किमी, 7. वेटेज अनुक्रमे 50, 30, 20 टक्के. थेट गुणाकार केला की ‘क’ला बारा हजारांवर गुण मिळतात, म्हणजे सगळ्यात महाग घर पहिलं! अंतराचा वाटा जेमतेम दोन-चार गुणांचा.

म्हणून आधी प्रत्येक निकष 0 ते 1 मध्ये आणा. आकड्यातून किमान वजा करा, कमाल-किमान फरकाने भागा. भाडं आणि अंतर कमी तेवढं बरं, म्हणून तिथे उलटी वजाबाकी: कमालमधून आकडा. आता वेटेजने गुणून बेरीज केली की शंभरपैकी ‘ब’ 61, ‘अ’ 50, ‘क’ 40.

आता यादीत 60,000 भाड्याचा ‘ड’ घालून बघा (4 किमी, 8). भाड्याची पट्टी (किमान ते कमाल) ताणली जाते, 18 आणि 24 हजारांतला फरक किरकोळ ठरतो. ‘अ’ 50 वरच, ‘क’ मात्र थेट 83 वर! जे घर तुम्ही घेणारच नव्हता, त्याने बाकीच्यांचा क्रम फिरवला. मला हीच चूक सगळ्यात घातक वाटते, कारण तक्त्यात कुठेही एरर दिसत नाही. बजेटबाहेरची घरं आधीच काढा आणि पट्टीची टोकं यादी बघण्यापूर्वी ठरवा. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांना गुण देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात आयुर्मानाची टोकं अशीच ठरलेली आहेत, 20 आणि 85 वर्षं.

याच निर्देशांकाने 2010 मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय सरासरी (बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली) घेतली. एका बाबतीतली मोठी उणीव दुसरीने सहज भरून निघू नये, हा त्यामागचा विचार. नळाला पाणीच येत नसेल तर ऑफिस जवळ असून काय उपयोग? अशा अटींना वेटेज देऊ नका, चाळणी म्हणून आधी लावा.

अंतर आणि प्रवासाचा वेळ दोन्ही धरले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

शेवटी वेटेज हलवून बघा. वरच्या तीन घरांनाच 60, 25, 15 दिलं तर ‘अ’ 60 वर, ‘ब’ 55 वर. म्हणजे सगळं भाड्याच्या वेटेजवर अडलंय. ते घरच्यांसोबत बसून ठरवा. तोवर कुणाला टोकन देऊ नका.