अंगणात हादगा की उंदीरमारी? मृगाआधीची तयारी

अंगणात जमिनीला नत्र देणारं झाड लावायचं असेल तर सगळ्यात आधी, शेंगा येतात म्हणजे झाड मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरतं हा समज डोक्यातून काढा. बहावा, गुलमोहर, कांचन, शंकासुर या सगळ्यांना शेंगा येतात, पण मुळांवर गाठी येत नाहीत. मी स्वतः बहावा लावून त्याखालचा कढीपत्ता सुधारायची तीन वर्षं वाट बघितली आहे. पांगारा नत्र धरतो, पण अंगण खाऊन टाकतो. उरले दोघे, हादगा आणि गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी.

मग पाण्याचा हिशोब मांडा. सोलापुरात नळ रोज येत नाही. सांडपाणी झाडाकडे वळवता येत असेल तर हादगा घ्या. वर्षभरात फुलं येतात, मधला केसर काढला की भाजी कडू होत नाही. मात्र लाकूड ठिसूळ, आयुष्य थोडं. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडणारच, म्हणून गाडी त्याखाली लावू नका. पाण्याची वानवा असेल, जमीन मुरमाड असेल तर उंदीरमारी. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठल्यापासून होळीपर्यंत बिनपानाच्या फांद्यांवर फिकट गुलाबी घोस लागतात. छाटणी फुलं गळल्यावरच करा, सारखी छाटलेली उंदीरमारी फुलत नाही. फांदीपेक्षा बियांचं रोप बरं, मूळ खोल जातं. घरात कुत्रं असेल तर विचार करा, उंदीरमारी नावाला जागते, विषारी आहे.

खड्डा मे महिन्यातच घ्या, दोन बाय दोन फूट, भिंतीपासून दहा फूट लांब, आणि उन्हात तापू द्या. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून कोवळी मुळं तुटतात, त्यामुळे आळ्यावर पाचटाचं आच्छादन हवंच. भरताना शेणखत आणि मूठभर सुपर फॉस्फेट. युरिया अजिबात नको, आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचं सोडतं. हरभऱ्याचं रायझोबियमचं, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट इथे चालत नाही, तो जिवाणू वेगळा. त्याऐवजी त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची दोन ओंजळी माती आणून टाका. शेळ्यांसाठी काट्याचं कुंपण आधी, रोप नंतर.

भाद्रपदात बुंध्याशेजारची माती हलकेच उकरा. गाठ दिसली तर नखाने फोडा. आतून लालसर निघाली तर काम सुरू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर आणखी दोन ओंजळी माती आणा.