आझाद हिंद लीजनचा बिल्ला घेताय? या चुका टाळा

उजव्या बाहीवरची कापडी ढाल, केशरी-पांढरे-हिरवे पट्टे, मधे झेपावणारा वाघ, वर 'फ्रायेस इंडिएन' (स्वतंत्र भारत) ही जर्मन अक्षरं. दुसऱ्या महायुद्धातल्या परदेशी स्वयंसैनिकांच्या बिल्ल्यांमध्ये आपल्याला हा सर्वांत जवळचा वाटतो. मागणी मोठी आहे, त्यामुळे नकलाही उदंड.

'आजोबांनी हा इंफाळला लावला होता,' असं विक्रेता म्हणाला की तिथेच थांबा. इंफाळच्या मोहिमेत १९४४ साली उतरली ती आग्नेय आशियातली आझाद हिंद सेना. लीजन वेगळी, जर्मन सैन्यातली भारतीयांची तुकडी. ती जर्मनीत उभी राहिली, मुख्यतः उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीने पूर्वेकडे निघाले, पण लीजन युरोपातच राहिली आणि पुढे नेदरलँड्स-फ्रान्सच्या किनाऱ्यावर तैनात झाली. ऑगस्ट १९४४ मध्ये ती वाफेन-एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ शाखेकडे, वर्ग झाली. संग्रहाच्या नोंदीत हेही लिहा, गाळू नका.

दुसरी चूक यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चवर भिस्त ठेवण्याची. कापड उजळवणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून निळसर-पांढरं लखलखणारा धागा संशयास्पद, हे खरं. पण आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेला अस्सल बिल्लाही तसाच चमकतो, आणि जुन्या धाग्याची नक्कल मुळीच चमकत नाही. तेव्हा टॉर्चनंतर भिंग घ्या आणि बिल्ला उलटा करा. गणवेशावरून उसवलेला असेल, तर कडेला टाक्यांची भोकं दिसतात, क्वचित धाग्याचे तुकडेही. दुमडलेली कड हलकेच उघडून आतला केशरी रंग पाहा; वर्षानुवर्षं उन्हात वापरलेल्या बिल्ल्यात तो बाहेरच्यापेक्षा गडद राहतो. आतबाहेर सगळीकडे सारखाच चहासारखा तपकिरी रंग असेल, तर कुणीतरी मुद्दाम बुडवून जुनाट केलाय असं समजा. भोकं नसली म्हणून लगेच नकली ठरवू नका, न वापरलेले बिल्लेही उरलेले असतात.

म्हणूनच घरी आणल्यावर कृपा करून धुऊ नका. मळ, गंज, टाके हाच त्याचा पुरावा. इस्त्री, गोंद, लॅमिनेशन तर नकोच. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल टाका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते.

आझाद हिंद पदकांबाबत आणखी सावध राहा. व्हिएन्नातल्या मूळ कारखान्यानेच ती युद्धानंतर पुन्हा पाडली, त्यामुळे निर्मात्याच्या नावावरून काळ ठरत नाही. युद्धकाळातल्या पदकाची किंमत मागत असतील, तर मिळण्याचा कागदोपत्री माग मागा. नसेल तर पुनर्निर्मितीचाच भाव द्या.