गवती चहाचे तेल: पातीत ते कसे तयार होते आणि घरी कसे काढावे

गवती चहाच्या ठोंबाजवळ नुसते उभे राहिले तर वास जेमतेम जाणवतो, पण पात चुरगळताच लिंबासारखा दरवळ सुटतो. याचे कारण असे की त्याचे सुगंधी तेल पातीच्या आतील विशिष्ट पेशींमध्ये बंद असते. तुळशीचे तेल मात्र पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये, अतिशय पातळ आवरणाखाली साठते. म्हणून तुळशीची पाने हलक्या हाताने हाताळावीत, तर गवती चहा बारीक कापल्याशिवाय त्यातील तेल नीट सुटत नाही.

प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या शर्करेपासून वनस्पती पाच कार्बन अणूंचे लहान घटक घडवते आणि असे दोन घटक जोडून दहा कार्बनचा रेणू तयार करते. त्यातूनच पुढे लिंबासारखा वास देणारे सिट्रल हे द्रव्य बनते, जे गवती चहाच्या तेलात साधारण 70 ते 80 टक्के असते. ही घडण प्रामुख्याने कोवळ्या, वाढत्या पातीत होते. तुळशीतील युजेनॉल या सुगंधी द्रव्याची वाट निराळी असून ते फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून बनते.

कष्टाने मिळवलेली शर्करा वनस्पती अशी खर्च करते, कारण तिला शत्रूपासून पळून जाता येत नाही. सिट्रल अनेक बुरशींच्या पेशीपटलाला इजा करते आणि पुष्कळ किडींना दूर ठेवते. किडीने पात कुरतडली की साठा फुटतो आणि तेल नेमके जखमेच्या जागी पसरते. हेच द्रव्य वनस्पतीच्या स्वतःच्या पेशींनाही घातक ठरू शकते, म्हणून ते वेगळ्या पेशींत साठवले जाते. फुलांच्या सुगंधाचे काम बहुधा उलट, म्हणजे परागण करणाऱ्या कीटकांना बोलावण्याचे असते.

कापणी करताना हे सारे ध्यानात ठेवावे. फुलोरा येण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर पात कापावी, म्हणजे ठोंब पुन्हा फुटतो. पिवळी, जून पात वगळावी. कापलेली पात एक दिवस सावलीत कोमेजू द्यावी. त्यामुळे पाणी घटते आणि भांड्यात अधिक पात मावते. कडक उन्हात वाळवल्यास तेल उडून जाते, आणि घरगुती चहासाठी विकली जाणारी पिवळट पात बहुधा याच कारणाने निःसत्त्व लागते, असे माझे मत आहे.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी पाणी घालून त्यात एक उंच जाळी ठेवावी, जाळीच्या मध्यभागी लहान वाटी ठेवावी आणि तिच्याभोवती पातीचे तुकडे सैलसर पसरावेत. पात पाण्यात बुडू देऊ नये. घुमटाकार झाकण उलटे लावून त्यावर बर्फ ठेवावा आणि मंद आच द्यावी. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नसल्याने दोन्ही मिळून 100 अंश सेल्सिअसच्या किंचित खालीच वाफेच्या रूपात वर येतात, झाकणाला लागून थंड होतात आणि वाटीत ठिबकतात. ताज्या पातीत तेल वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे हाती मुख्यतः सुगंधी पाणी आणि त्यावर तेलाचा पातळ तवंग येईल. पातेल्यातील पाणी मात्र आटू देऊ नये.

तेल ड्रॉपरने वेगळे करून गडद काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरावे, कारण हवा आणि प्रकाश लागल्यास सिट्रल बिघडते. हे तेल पोटात घेऊ नये, आणि खोबरेल तेलात भरपूर पातळ केल्याशिवाय त्वचेला लावू नये.