अँजिओप्लास्टीनंतरचा फोन : आमच्या नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

अँजिओप्लास्टी होऊन घरी गेलेल्या पेशंटला फोन कराल, तेव्हा "गोळ्या वेळेवर घेताय ना?" असं विचारू नका. त्याला "हो सिस्टर" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा म्हणा, "काका, गोळ्यांची पिशवी घेऊन बसा. एकेक पाकीट हातात धरून नाव वाचा." वाचता येत नसेल तर नातवाच्या हातात फोन द्यायला सांगा. अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं, म्हणून इथे घाई करू नका.

पाकिटं वाचून घेताना मी दोन गोष्टी शोधते. पहिली, एकच औषध दोन नावांनी. डिस्चार्जच्या वेळी क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेगवेगळ्या पट्ट्यांत दिलेल्या असतात. त्या संपत आल्या की मेडिकलवाला दोन्ही एकत्र असलेली गोळी देतो आणि पेशंट जुन्या-नव्या दोन्ही घेत राहतो. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. दुसरी गोष्ट टिकाग्रेलॉरची, म्हणजे काहींना क्लोपिडोग्रेलऐवजी दिलेल्या गोळीची. ती सकाळी आणि संध्याकाळी, अशी दोनदा घ्यायची असते. पण "रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी आहेच की," म्हणून संध्याकाळची गळते.

ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, या दोन गोळ्यांवर एवढा भर का, हे पेशंटला साध्या शब्दांत सांगा. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होऊ शकते. ॲटॅक येऊन स्टेंट घातला असेल, तर दोन्ही गोळ्या साधारण 12 महिने चालतात. कमी-जास्त करायचं ते कार्डिओलॉजिस्टच ठरवतील. छातीत दुखत नाही म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. मध्येच सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि असा ॲटॅक जिवावर बेततो.

गोळी सुटली असेल तर रागवू नका, कारण काढा. एकादशीला पोट रिकामं होतं? दात काढायचा म्हणून कुणी थांबवायला सांगितली? पैसे नव्हते? टिकाग्रेलॉरने दम लागल्यासारखं वाटतं म्हणून सोडली? दम गोळीचा की हृदयाचा, हे फोनवर आपण ठरवायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गुडघे दुखतात म्हणून कुणी डायक्लोफेनॅक घेतंय का, हेही विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

जखमेचं, म्हणजे नळी घातली त्या जागेचं, थोडक्यात. मनगट असो की जांघ, सूज वाढतेय का, रक्त येतंय का, हातापायाची बोटं गार पडलीत का? रक्त आलं तर आडवं व्हायचं, बोटांनी घट्ट दाबून धरायचं, दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. थांबलं नाही, किंवा भळाभळा आलं, तर 108.

छातीत दुखलं तर घ्यायची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट, कशी घ्यायची ते मात्र करून दाखवायला लावा. "मावशी, आत्ता छातीत दुखलं तर काय कराल?" एवढं विचारा आणि गप्प बसा. बऱ्याच जणी म्हणतात, "पाण्याबरोबर गिळीन." गोळी गिळायची नाही. आधी बसायचं, कारण बीपी उतरून चक्कर येते. मग ती जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर 108. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून निघायचं नाही. गोळी कुलपाच्या कपाटात नको, घरातल्या सगळ्यांना जागा माहीत हवी. पुरुष पेशंटला एकट्याला गाठून विचारा, लैंगिक ताकदीची गोळी घेता का? सिल्डेनाफिलसोबत सॉर्बिट्रेट घेतलं तर बीपी धोकादायक खाली जातं. हे विचारायला लाजू नका, तेही लाजतात म्हणून कुणीच बोलत नाही.

तंबाखूचं बोलताना नाव घेऊन विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं तर मावशी सरळ नाही म्हणतात. "मिश्री लावता का?" म्हटलं की "तेवढी सकाळची" असं येतं.

फोन ठेवण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजायला लावा. आठवडाभर पुरतील एवढ्याच असतील, तर ओपीडीची तारीख तेव्हाच द्या आणि रजिस्टरात फोन कोणी उचलला त्याच्या नावापुढे ती लिहून ठेवा. पुढचा फोन त्याच माणसाला करायचा.