कोंबड्याचं केपिंग वहीत नोंदवण्याआधी

सिंगापूर-मलाक्क्याकडच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांत संग्राहकांच्या हाती वारंवार येतं ते कोंबड्याचं नाणं. एका बाजूला उभा कोंबडा आणि 'तानाह मलायू', मलयांची भूमी, ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला 'सातू केपिंग', एक केपिंग (केपिंग हे तिकडचं सुट्ट्या पैशांचं नाणं), आणि त्याखाली 1247. तिकडचे लोक त्याला 'दुइत आयाम' म्हणतात, कोंबड्याचा पैसा. असं एखादं नाणं जुन्या डब्यात सापडलं आणि ते नीट नोंदवायचं मनात आलं, तर आधी थोडी तयारी करून बसावं.

पहिली तयारी वहीची, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. पानावर दोन वेगळे रकाने आखा: 'नाण्यावर काय लिहिलंय' आणि 'नाणं खरं कुठलं'. कारण हे नाणं कुठल्याही सुलतानाने पाडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुट्ट्या पैशांची टंचाई होती. सिंगापूरच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी इंग्लंडमधून, मुख्यतः बर्मिंगहॅमहून, असे तांब्याचे तुकडे पाडून आणले आणि मलय द्वीपसमूहभर खपवले. नाव मात्र टाकलं जिथे माल जायचा तिथलं, किंवा तिथल्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. म्हणून याच घराण्यात पुलाऊ पर्चा (सुमात्राचं जुनं नाव), सियाक, देली, आचे, मिनांगकाबाऊ, पेराक, सलांगोर अशी नावं भेटतात. नुसती अक्षरं वाचून 'पेराक संस्थानचं नाणं' अशी नोंद केली, की ती जन्मभर चुकीची राहते. माझ्या मते या नाण्यांच्या नोंदीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

वर्षाचंही तसंच. 1247 हे हिजरी वर्ष, आपल्या हिशेबाने जून 1831 ते मे 1832. पण व्यापाऱ्यांनी एकदा चाललेली तारीख पुढेही वापरली, त्यामुळे ते पाडल्याचं वर्ष धरू नका. पहिल्या रकान्यात '1247' जसंच्या तसं लिहा, दुसऱ्यात '1830 च्या दशकापासून' एवढंच. पुढे 1845 सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे पाव, अर्धा आणि एक सेंट चलनात आले आणि या पैशांची गरज ओसरली.

अक्षरं जावी लिपीतली, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली मलय भाषा. उर्दू वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, बरंच काम सोपं होतं. मात्र 'ऐन' या अक्षरावर तीन नुक्ते (ठिपके) दिसले तर तो 'ङ'चा उच्चार, हे त्यांना सांगावं लागेल. 'केपिंग'च्या शेवटी तोच असतो. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. नाणं उलटं धरलंय का, ते मात्र पाहा: तिकडचा सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि आठ म्हणजे तोच उलटा, त्यामुळे डोकं खाली केलेलं नाणं सहज फसवतं. कोंबड्याचे पाय खाली आहेत ना, हे बघूनच नाणं पलटा; मागची बाजू उलटी आली तर 'सातू केपिंग' वर येईल असं फिरवा.

साहित्य फार नाही. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापट भिंग, लोहचुंबक. चुंबकाला नाणं चिकटलं तर तांब्याखाली लोखंड आहे, पुढे वेळ घालवू नका. वजन, व्यास, कड साधी की दातेरी, हे लिहा. मग नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला धरून फिरवा. मागची बाजू सरळ आली की उलटी, तेही टिपा. बऱ्याच नोंदींत हे राहून जातं.

साफसफाईबद्दल मात्र हात जोडून सांगणं: चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही नाण्याजवळ आणू नका. घरातला तांब्या त्याने लखलखतो, पण नाण्यावर दीडशे-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर एकदा निघाला की परत येत नाही, आणि त्याबरोबर अक्षरांची कडही जाते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. तेलकटपणाला शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, गॅसपासून दूर. नंतर घासू नका, मऊ कापडाने टिपा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं लगेच वेगळं, कोरडं ठेवा; तो रोग ओलाव्याने वाढतो.

फोटोसाठी दिवा वरून नको. टेबलाच्या जवळजवळ पातळीवरून तिरका प्रकाश सोडा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजलेल्या 'मलायू'तला लाम, म्हणजे 'ल', अचानक उठून दिसतो. मग भिंगाखाली कोंबडा पाहा: शेपटीची पिसं, तुरा, पायांखालची जमीन, अक्षरांमधलं अंतर. साचे अनेक होते, प्रकार यावरूनच ठरतात. या भागातल्या नाण्यांच्या सरन सिंग यांच्या सूचीतले क्रमांक बहुतेक संग्राहक वापरतात, प्रिडमोर यांची सूचीही हाताशी असावी. जुळत नसेल तर ओढूनताणून क्रमांक देऊ नका, 'प्रकार अनिश्चित' लिहा.

आपल्याकडच्या डब्यांत आणखी एक गल्लत संभवते. 1804 सालची, हिजरी 1219 लिहिलेली, कंपनीचं चिन्ह असलेली तांब्याची नाणी मुंबई इलाख्यासाठीही पाडली गेली आणि सुमात्रासाठीही. मागे तराजू आणि 'अदल' (न्याय) हा शब्द असेल तर ते मुंबईचं; तराजू नसून केपिंगचा आकडा असेल तर ते सुमात्राचं.

ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती तांब्याला हिरवं करतात, मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) घ्या. नाणं ज्या जुन्या पुडीत आलं ती चिठ्ठीसकट जपा आणि कुणाकडून, कधी आलं ते वहीत लिहा. परदेशातल्या नातेवाइकाला द्यायचा विचार असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तिकडे फोटो आणि नोंदीची प्रत पाठवा.