बीडीएस झालं, रँक आला, आता एमडीएसची चॉइस लिस्ट कशी भरायची

दरवर्षी नीट एमडीएसचा, म्हणजे बीडीएसनंतरच्या डेंटलच्या पदव्युत्तर कोर्सच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की सांगलीतल्या माझ्या क्लिनिकवर रात्री पेशंट संपल्यावर ज्युनियर पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन येऊन बसतात. अभ्यास कसा करायचा हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे तो भाग मी उरकून टाकतो. खरा घोळ रँक हातात आल्यावर होतो, आणि तिथंच सगळ्यात जास्त फालतू सल्ले फिरत असतात.

आधी परीक्षा. एनबीईएमएस ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, कॉम्प्युटरवर असते, २४० प्रश्न, ३ तास, बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा, एकूण ९६० मार्क. मूळ कटऑफ ओपनला ५० पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीला ४०. इंटर्नशिप १ वर्षाची, आणि ती परीक्षेच्या माहितीपत्रकात (बुलेटिनमध्ये) दिलेल्या तारखेच्या आत पूर्ण झालेली लागते, म्हणून सुट्ट्या जपून घ्या, एक्स्टेन्शन पडलं की गेलं वर्ष. स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळेत करून घ्या. एम्सची सीट हवी असेल तर आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते, वर्षातून दोनदा असते.

कागदपत्रांत एकच गोष्ट सांगतो, बाकी यादी साइटवर आहे. ओबीसीचं राज्याचं नॉन क्रिमीलेअर एमसीसीला, म्हणजे देशपातळीवर सीटा वाटणाऱ्या केंद्राच्या कमिटीला, चालत नाही, तिथं केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. सेतूत जाऊन नुसतं 'नॉन क्रिमीलेअर द्या' म्हणलं की ते राज्याचंच काढून देतात, म्हणून 'सेंट्रलचं' असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचा, आडनावाचं स्पेलिंग मार्कशीटशी जुळतंय का तेही बघा. एनटीवाल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासायचं. एसईबीसी राज्याचा प्रवर्ग आहे, एमसीसीच्या फॉर्मवर तो नाही. आणि राज्याच्या राउंडला कास्ट व्हॅलिडिटी लागते, ती नुसत्या अर्जाच्या पावतीवर भागेल अशा भरवशावर राहू नका.

आता काउन्सेलिंग, म्हणजे राउंड घेऊन होणारं सीटांचं वाटप. दारं दोन आहेत. सरकारी कॉलेजच्या ५० टक्के ऑल इंडिया सीटा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्याच्या सगळ्या सीटा एमसीसीकडून भरतात. राज्याच्या कोट्यातल्या सरकारी सीटा आणि खाजगी कॉलेजं राज्याच्या, मुंबईतल्या सीईटी सेलकडून. आपल्याकडं लोकांचा इथंच गोंधळ होतो, कॉलेज घराजवळ आहे म्हणजे राज्याच्या राउंडला येणार असं वाटतं. तसं नाही. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ दोन्ही अभिमत, ते एमसीसीतच. कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल एमयूएचएसला (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला) जोडलेलं, ते सीईटी सेलच्या यादीत शोधायचं. दोन्हीकडं रजिस्ट्रेशन करा. एमसीसीत अभिमतसाठी फी ५ हजार आणि डिपॉझिट २ लाख भरावं लागतं, ऑल इंडिया कोट्याला ओपनचं डिपॉझिट २५ हजार. हे २ लाख पुढं महत्त्वाचे आहेत.

चॉइस फिलिंग, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची लिस्ट आवडीच्या क्रमाने भरणं. हे नीट समजून घ्या. सगळ्यात जास्त ऐकायला येणारा सल्ला म्हणजे 'रँक बघून भर, वर भारी कॉलेज टाकलंस तर चॉइस वाया जातो'. साफ खोटं आहे. कॉम्प्युटर काय करतो, तर रँकप्रमाणे एकेक उमेदवार घेतो, त्याची लिस्ट वरून वाचतो आणि जी पहिली रिकामी सीट सापडेल ती देऊन टाकतो. तुमचा नंबर आला आणि वरच्या दहा सीटा गेलेल्या असल्या तर तो अकरावी बघतो, तुम्ही दहा ठिकाणी हावरटपणा केला म्हणून शिक्षा करत नाही. त्यामुळं मुंबईची ऑर्थोची (वाकडे दात सरळ करण्याच्या ब्रँचची) सीट मनात असेल तर बिनधास्त एक नंबरला टाका. क्रम फक्त आवडीचा. मागच्या वर्षीचा कटऑफ अंदाजाला ठीक आहे, क्रम लावायला नाही.

धोका असतो तो लिस्टच्या तळाशी. 'असू दे, राहू दे एखादं' म्हणून पोरं न आवडणारी ब्रँच किंवा न परवडणारं कॉलेज शेवटी टाकतात आणि नेमकं तेच लागतं. पहिल्या राउंडला जॉइन नाही केलं तर फ्री एक्झिट आहे, काही जात नाही. दुसऱ्या राउंडला सीट लागली आणि गेला नाहीत तर डिपॉझिट जप्त, अभिमतवाल्यांचे २ लाख. म्हणून दुसऱ्या राउंडपासून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारायचं, उद्या हे लागलं तर मी बॅग भरून जाणार का. नाही? मग उडवा ती ओळ. फी तीन वर्षांची, होस्टेल आणि मेस धरून घरात आईवडिलांसमोर बसून आधीच बोलून घ्या, अलॉटमेंट आल्यावर नाही.

अपग्रेडचं तर विचारूच नका. हातात सीट असताना पुढच्या राउंडला अपग्रेड मागितलं आणि नवीन सीट लागली की जुनी आपोआप जाते, परत मिळत नाही, कितीही फोन केले तरी. आणि पुढच्या राउंडला लिस्ट नव्याने भरायची असते, म्हणून हातात आहे त्याहून मनापासून जास्त आवडणाऱ्याच सीटा त्यात टाका. मागच्या वेळची अख्खी लिस्ट कॉपी करून भरणारे असतात, मग खालचंच काहीतरी लागून वरचं गेलेलं असतं.

ब्रँच का कॉलेज? माझं मत ठाम आहे, ओपीडी बघा. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी त्या डिपार्टमेंटच्या बाहेर तासभर बसा. खुर्च्या किती, त्यातल्या चालू किती, पीजी (एमडीएस करणारी पोरं) केस करतायत का जर्नल चाळतायत, हे दिसतं. मग चहाच्या टपरीवर थर्ड इयरच्या पीजीला गाठून विचारा, स्वतःच्या हाताने किती केसेस झाल्या आणि स्टायपेंड खरंच खात्यावर येतो का. वेबसाइटवर हे सापडत नाही. पेशंट नसलेल्या ठिकाणी एंडो (रूट कॅनलची ब्रँच) घेऊन तीन वर्षं काढलेत तर बाहेर पडून दाढेच्या रूट कॅनलला हात थरथरतात, तसले लोक मी बघितलेत.

लिस्ट लॉक करणं, म्हणजे पक्की करणं, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, मोबाइलवरून करू नका, प्रिंट काढा.

सीट मिळाली की पुढचं सरळ आहे. कोर्स ३ वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी बेसिक सायन्सेसची पार्ट वन परीक्षा, ती सुटल्याशिवाय शेवटच्या पार्ट टूला बसता येत नाही. हजेरी ८० टक्के. थीसिसचा विषय गाइड सुचवेल तो घ्या, पण पेशंट लागणार असतील तर तेवढे पेशंट त्या ओपीडीत येतात का ते सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) एथिक्स कमिटीकडं जायच्या आधी रजिस्टर उघडून मोजा.