किनाऱ्यावरून डोंगरात, खासगी गाडीने, एका दिवसात: या चुका टाळा

सकाळी समुद्रसपाटी, दुपारी डोंगरमाथा, रात्री पुन्हा किनाऱ्यावरच्या हॉटेलात मुक्काम. खासगी गाडी केली की अशी सहल एका दिवसात सहज होते, आणि फसतेही तितकीच सहज. बेत किलोमीटर बघून आखला जातो, किती मीटर चढायचंय ते कुणी बघत नाही. वेळ, थंडी, ढग, मळमळ, ब्रेक, सगळं त्या मीटरांवर ठरतं. म्हणून गाडी ठरवण्याआधी एक आकडा शोधून ठेवा: दिवसभरात आपण जास्तीत जास्त किती उंचीवर जाणार? ६०० मीटर, १,५०० मीटर आणि २,५०० मीटर या तीन अगदी वेगळ्या सहली आहेत.

मॅपवरची वेळ खरी मानणं

समजा अंतर ११० किलोमीटर आहे. पहिले ४० किमी हायवे, ४० मिनिटं. पुढचे ५० किमी साधा रस्ता, सव्वा तास. शेवटचे २० किमी घाट, पाऊण तास. मॅप २ तास ४० मिनिटं दाखवतो आणि तो खोटं बोलत नाही. फक्त ती वेळ कुठेही न थांबणाऱ्या गाडीची आहे.

आता तुमची गाडी घ्या. दोन हॉटेलांतून पिकअप, २० मिनिटं. शहराबाहेर पडताना ट्रॅफिक, २० मिनिटं. नाश्ता अर्धा तास. ‘फोटोपुरतं पाचच मिनिटं’ असे दोन थांबे, प्रत्येकी १५ मिनिटं, कारण गाडी लावायला जागा शोधायची, सगळ्यांनी उतरायचं, आणि परत बसताना एक जण हमखास गायब असतो. झाली १०० मिनिटं. आठला निघालेली मंडळी वर पोचतात १२ वाजून २० मिनिटांनी. नेमकी ढग चढायची वेळ.

यावर उपाय साधा आहे, पण बहुतेक तयार कार्यक्रमांत तो उलटा असतो. सगळ्यात उंच ठिकाण आधी गाठा. धबधबा, बाजार, छोटी गावं परतीच्या वाटेवर ठेवा. जाताना एकच थांबा, तोही घाट सुरू होण्यापूर्वी. मॅपच्या वेळेची दीडपट धरा आणि सहाला निघा. परतताना घाटाचा शेवट उजेडात व्हायला हवा. खोल दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, त्यामुळे पंचांगातल्या सूर्यास्तापेक्षा तासभर आधीची वेळ धरलेली बरी.

किनाऱ्यावर ऊन आहे म्हणून वरही असेल, हा समज

दिवस चढला की जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा आत सरकते आणि डोंगर आडवा आला की उतारावरून वर चढते. चढताना ती थंड होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. ही उंची घरबसल्या काढता येते. हवामानाच्या ॲपमध्ये दुपारी ११-१२ चं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते) बघा. दोन्हींतल्या फरकाला १२५ ने गुणा, की ढगाचा तळ साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. किनाऱ्यावर तापमान ३० अंश आणि दवबिंदू २४ असेल, तर ६ गुणिले १२५ म्हणजे ७५० मीटर. तुमचा व्ह्यू पॉइंट ९०० मीटरवर असला तर तिथे दुपारी कठडा आणि पांढरा पडदा, एवढंच दिसणार. (भल्या सकाळी हा हिशेब लावू नका. तेव्हा जमीन तापलेली नसते आणि हवा वर चढायला लागलेली नसते.)

उलटी चूकही होते. खाली मळभ दिसलं म्हणून लोक सहलच रद्द करतात. स्पेनच्या तेनेरीफ बेटावर व्यापारी वारे ढगांचा थर डोंगराच्या कमरेलाच अडकवून ठेवतात आणि वर तेइदे ज्वालामुखीवर लख्ख ऊन असतं. अशा जागी ढग पार करून वर जायचं असतं. शिखराजवळचा वेबकॅम असेल तर निघण्यापूर्वी तो बघा. शहराचा अंदाज बघून काही कळत नाही.

थंडीचं गणित सोपं आहे: दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. किनाऱ्यावर ३० अंश असेल तर २,००० मीटरवर १७, वर वारा वेगळा. जॅकेट डिकीच्या तळाशी नको, हाताशी हवं. आणि गारवा आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका; दर १,००० मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते.

आज स्कूबा, उद्या डोंगर

या यादीतली सगळ्यात धोक्याची चूक ही, आणि ती किनाऱ्यावरच्या शहरांतच होते, कारण दोन्ही सहली एकाच काउंटरवर विकल्या जातात. सिलिंडर लावून पाण्याखाली गेलं की वाढलेल्या दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावरही तो पूर्ण बाहेर पडायला कित्येक तास लागतात. तेवढ्यात तुम्ही घाट चढलात तर बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि त्या वायूचे शरीरातच बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, आणि गंभीर झालं तर अर्धांगवायू.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास थांबावं. एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास. ६०० मीटरच्या वर जाणारा घाटही याच हिशेबात धरा. हवाईच्या मौना केआ शिखरासाठी तर २४ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. क्रम बदलला की प्रश्नच मिटतो: आधी डोंगर, मग डाइव्ह. पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला हा नियम लागू नाही.

२,५०० मीटरच्या वर ‘गाडीतच तर बसायचंय’

चालायचं नसलं तरी प्राणवायू कमी मिळतोच. २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन-चतुर्थांश असतो. चढण संथ असेल तर शरीर जुळवून घेतं. गाडी त्याला तेवढा वेळ देत नाही. पेरूत लिमाहून निघालेला रस्ता सुमारे १३० किलोमीटरमध्ये तिक्लिओ खिंडीत ४,८१८ मीटरवर पोचतो. मौना केआवर २,८०० मीटरच्या माहिती केंद्रापाशी किमान अर्धा तास थांबून मगच ४,२०० मीटरच्या माथ्याकडे जायला सांगतात. ते केंद्र नुसतं चहापाण्याचं नाही. तेइदेची केबल कार तुम्हाला ३,५५५ मीटरवर सोडते, आणि तिथून शिखरावर पायी जायला वेगळा परवाना लागतो. तो आधी काढला नसेल तर गाडी कितीही ‘प्रायव्हेट’ असो, परतावंच लागतं.

डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं पोचल्या पोचल्याच नव्हे, काही तासांनीही सुरू होतात. ‘जेवण बाधलं असेल’ म्हणत वरच बसू नका, खाली उतरा. चालताना तोल जात असेल किंवा बसल्याजागी दम लागत असेल तर पुढचा एकही स्पॉट नको. खाली उतरून थेट दवाखाना. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, गरोदरपण असेल तर गाडी ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगा.

गाडी लागते त्याला शेवटच्या सीटवर बसवणं

सात-आसनी गाडीची तिसरी रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते. वळणावर सगळ्यात जास्त झोका तिथेच बसतो. शिवाय तिथून समोरचा रस्ता दिसत नाही. कान सांगतो गाडी वळतेय, डोळ्यांना दिसते समोरच्या सीटची पाठ, आणि मेंदूचा गोंधळ पोटात उतरतो. ज्याला त्रास होतो त्याला ड्रायव्हरशेजारी बसवा, मोबाइल खिशात, नजर लांबच्या रस्त्यावर. मूल लहान असेल तर पुढची सीट नाही; मधल्या रांगेत, समोर दिसेल असं बसवा.

गोळी घाटात घ्यायची नसते. बहुतेक गोळ्या अर्धा ते एक तास आधी घ्याव्या लागतात, तर कानामागे लावायचा पॅच किमान चार तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बाहेरच येते. कुठली आणि किती, हे डॉक्टरांना विचारा.

उतारावर नाक बंद ठेवणं

गाडी तुम्ही चालवत नसलात तरी ब्रेकचा वास तुम्हालाही येतो. काहीतरी जळल्यासारखा तिखट वास म्हणजे पॅड तापलेत. चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि गाडी इंजिनाने धरायची, हा घाटाचा जुना नियम. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असतो. ड्रायव्हर सतत ब्रेकवर पाय ठेवून किंवा न्यूट्रलमध्ये उतरत असेल तर स्पष्ट बोला. इथे भिडेखातर गप्प बसायचं नाही.

पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं. हवेतला ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते, आणि दमट हवेत ओलाव्याला तोटा नसतो. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. दोन्ही वेळी खालचा गिअर, सुरक्षित जागी थांबणं, चाकाखाली दगड, आणि निदान अर्धा तास विश्रांती. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकते किंवा तडकते. थंड झाल्यावरही पेडल मऊच लागत असेल तर दुसरी गाडी मागवा.

बुकिंग बोलाबोलीवर ठेवणं

‘सगळं इन्क्लुडेड आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. मेसेज असा पाठवा: ‘सकाळी ६ ला पिकअप, ५ मोठे, १ मूल वय ४, चाइल्ड सीट हवी. भाडं गाडीचं की माणशी? किती तास, किती किमी, त्यावर तासाला किती? टोल, पार्किंग, तिकिटं कुणाची? ड्रायव्हर फक्त चालवणार की गाइड वेगळा? माथ्यापर्यंत हीच गाडी जाते का? रोपवे बंद असला तर काय?’ उत्तर लेखी येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.

शेवटून दुसरा प्रश्न फार लोक विचारत नाहीत. माँटेनेग्रोत कोटोरहून लोवचेनकडे चढणाऱ्या अरुंद रस्त्यावर २५ हेअरपिन वळणं आहेत. तिथे मोठी व्हॅन म्हणजे डोकेदुखी. मौना केआच्या वरच्या टप्प्यावर फोर-व्हील ड्राइव्हच लागते. आणि सात सीट भरल्या की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही.

क्रूझवरून उतरून सहल करणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना: जहाज स्वतःच्या सहलीतून येणाऱ्यांसाठी थांबतं, तुमच्या खासगी गाडीसाठी थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि बोर्डिंगच्या शेवटच्या वेळेआधी दोन तास बंदरावर असा.

शेवटी कानांचं: घाट उतरताना कान दुखतात तसे चढताना दुखत नाहीत, कारण बाहेरचा वाढता दाब आत घ्यायला कानाची नळी सहज उघडत नाही. सर्दी झालेल्याला हा त्रास जास्त. गोड गोळी चघळा, पाणी घोट घोट प्या, तान्ह्या बाळाला घाट उतरतानाच पाजा. झोपलेल्याला उठवलेलं बरं. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो.